जाते आणि यंत्र : इंद्रायणीकाठची ओवी व लाटव्हियाची दाइना

मराठीतील 'जाते' हा शब्द संस्कृत 'यंत्र' या शब्दापासून आलेला आहे. 'यंत्रक', प्राकृतातील 'जंतअ', आणि पुढे अनुनासिक लोपून व आधीचा स्वर दीर्घ होऊन 'जाते' अशी त्याची परंपरा होय. शब्दारंभीच्या संस्कृत 'य'चा 'ज' होण्याचा हा नियम 'यात्रा' व 'जत्रा', 'यव' व 'जव' या जोड्यांतही दिसतो. पुढे तोच 'यंत्र' शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा उचलला, आणि एकाच मुळाचे दोन शब्द भाषेत वेगवेगळ्या अर्थांनी नांदू लागले. एक घराच्या कोपऱ्यात, दुसरा कारखान्याच्या छपराखाली. तत्सम शब्दाने तद्भव शब्दाला मागे सारल्याची उदाहरणे भाषेच्या इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात शब्दाबरोबर वस्तूही मागे सरली, आणि वस्तूबरोबर तिच्यापाशी बसून म्हटली जाणारी ओवी. या ओवीचे मोल कोणते, आणि तिच्यासारख्याच गाण्यांचे मोल दुसऱ्या एका समाजाने कसे ओळखले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ओवी ही मराठीतील अत्यंत जुनी गेय रचना होय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपास रचिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख केला आहे. मराठीतील पहिल्या मोठ्या ग्रंथांच्या कितीतरी आधी ओवी घरोघर होती, हे त्यावरून निश्चित होते. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती ओवीतच. म्हणजे मुसळाच्या व जात्याच्या लयीत वाढलेला छंद तत्त्वज्ञानाच्या निरूपणाला उपयोगी पडला. ग्रंथातील ओवी पंडितांनी जतन केली, आणि जात्यावरची ओवी मात्र ज्यांना लिहिता येत नव्हते अशा स्त्रियांच्या स्मरणावर सुमारे आठ शतके राहिली. ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीस इ. स. १२९६ मध्ये झाली. आळंदी आज एका बाजूस पिंपरी-चिंचवड व दुसऱ्या बाजूस चाकण या दोन औद्योगिक वस्त्यांच्या मध्ये आहे.

हा प्रदेश दोन नद्यांनी घडविला आहे. पवना व इंद्रायणी या दोन्ही नद्या लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावतात. पवना चिंचवडवरून वाहत दापोडीजवळ मुळेस मिळते. इंद्रायणी देहू व आळंदी यांना वळसा घालून तुळापूर येथे भीमेत जाते. इंद्रायणीच्या उत्तरेस चाकण, आणि त्याच्याही पलीकडे भामा. पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढतो आणि भाताची खाचरे लागतात. पूर्वेस बाजरी, ज्वारी, कांदा व बटाटा. या पश्चिमेकडील खोऱ्यांना 'मावळ' म्हणतात. 'मावळणे' या क्रियापदाशी त्या नावाचा संबंध आहे. सूर्य जिकडे मावळतो तो मुलूख तो मावळ. गावांची नावेही झाडाझुडपांची व मातीची आहेत. चिंचवडात चिंच आहे, निगडीत निर्गुडीचे झुडूप आहे, चिखलीत चिखल आहे. ज्या जागेवर आज वाहनांचे सुटे भाग घडविले जातात तेथे पूर्वी काय उगवत होते, हे कोणत्याही दप्तराइतकेच ही नावे सांगतात.

राजकीय इतिहासात हा प्रदेश अधूनमधून येतो व पुन्हा नाहीसा होतो. चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग इ. स. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या सैन्याविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने लढविला. चिंचवडला मोरया गोसाव्यांचे संस्थान झाले. १८९७ मध्ये रँडचा वध करणारे चापेकर बंधू चिंचवडचेच. तुकोबांच्या अभंगांचे लेखन करणारे संताजी जगनाडे यांचे नाव चाकणशी निगडित आहे. या साऱ्या नोंदींत मात्र एक वर्ग जवळजवळ कोठेच बोलत नाही, आणि तो म्हणजे पहाटे उठून दळणारी बाई.

ती बोलते ती ओवीत. स्त्रियांच्या ओवीचा सर्वसाधारण घाट साडेतीन चरणांचा मानतात. मावळात जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्या बहुधा दोन ओळींच्या असतात. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात धान्याची मूठ घालावयाची, आणि तळीवर वरची पेड फिरत असता तिच्या घरघरीवर सूर धरावयाचा, असा हा प्रकार आहे. समोर जाऊ वा नणंद बसली असेल तर एकीने उचललेली ओळ दुसरीने पुरी करावी. पहिल्या काही ओव्या देवांना, पुढच्या माहेराला, हा क्रम ठरलेला. भावाचे येणे, लेकीचे जाणे, सासूचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, देहू व आळंदीची वारी हे विषय पुनःपुन्हा येतात. मुलगा राघू होतो, मुलगी मैना होते. जात्याला प्रत्यक्ष ईश्वर म्हणून हाक मारावी आणि त्याच्यापाशी जे माणसाला सांगता येत नाही ते सांगावे, अशी या गाण्याची रीत आहे. दळताना पुरुष जवळ नसे. त्यामुळे या बोलण्याला जो मोकळेपणा आला तो इतर लोकगीतांत सहसा आढळत नाही.

अशा दोन-दोन ओळींना इतिहासाचे साधन मानावे काय, असा प्रश्न पूर्वी विद्वानांना पडत असे. लाटव्हियन लोकांनी त्याचे उत्तर एका शतकापूर्वी दिले आहे, आणि म्हणून त्यांच्याकडे थोडे वळणे इष्ट होय.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सुमारे ६४,६०० चौरस किलोमीटरांचा सपाट, अरण्यमय व थंड देश होय. उत्तरेस एस्टोनिया, दक्षिणेस लिथुआनिया, पूर्वेस रशिया व बेलारूस. २०११ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सुमारे २० लाख ७० हजार भरली. त्याच वर्षीच्या भारतीय जनगणनेत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती. त्यानंतर लाटव्हियाची संख्या घटून १९ लाखांच्याही खाली आली आहे. म्हणजे एक संपूर्ण राष्ट्र, त्याची स्वतंत्र भाषा, वाङ्मय व विद्यापीठे, हे सारे लोकसंख्येच्या दृष्टीने येथील एका नगराएवढे आहे.

इ. स. १२०१ मध्ये बिशप आल्बर्ट याने रीगा नगराची स्थापना केली. तेव्हापासून जर्मन धर्मयोद्धे व त्यांचे वंशज जमीनदार या भूमीचे मालक झाले. पुढे पोलंड, स्वीडन व रशिया यांच्या सत्ता आल्या आणि गेल्या. १७२१ व १७९५ या वर्षांच्या दरम्यान सारा मुलूख रशियन साम्राज्यात गेला, तथापि जमीन जर्मन सरदारांकडेच राहिली. लाटव्हियन माणूस म्हणजे भूदास, हे समीकरण शतकानुशतके टिकले. कुरलँड प्रांतात १८१७ मध्ये व लिव्हलँडमध्ये १८१९ मध्ये भूदासांची मुक्तता झाली, परंतु त्यांना जमीन मिळाली नाही. लोक या स्वातंत्र्याला पाखराचे स्वातंत्र्य म्हणत. उडावयास मोकळीक, बसावयास फांदी नाही. मुक्त झालेल्यांना आडनावे लावून घ्यावी लागली, ती त्यांनी बहुधा भोवतालच्या सृष्टीतून घेतली. बर्च, ओक, टेकडी, झुडूप या अर्थांची आडनावे आजही तेथे सर्वांत अधिक आढळतात. आपल्याकडील गावांची नावे आणि तिकडील माणसांची नावे यांतील हे साम्य केवळ योगायोगाचे असले तरी मनोरंजक आहे.

लाटव्हियन भाषेचे प्रारंभीचे ग्रंथलेखन परक्यांनी केले. त्या भाषेतील उपलब्ध असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक १५८५ चे, ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरांचे. बायबलचे भाषांतर सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्ल्यूक या जर्मन धर्मोपदेशकाने केले. या बाबतीत गोव्याची आठवण होते. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, आणि त्या इंग्रज जेजुइटाने त्यासाठी छंद निवडला तो ओवीच. ग्ल्यूकने मात्र लाटव्हियन लोकांच्या गाण्याकडे आपल्या कामासाठी पाहिले नाही.

त्या गाण्याचे नाव दाइना. ती बहुधा चार ओळींची असते; ओळीत आठ अक्षरे, मध्ये यती. यमक जवळजवळ नसते, त्याचे काम अनुप्रास करतो. ओवीला मात्र यमकावाचून चैन पडत नाही. ही गाणी प्रथम बाहेरच्या जगास दाखविली ती हेर्डर या जर्मन विचारवंताने. १७६४ ते १७६९ या काळात तो रीगा येथे शिक्षक होता. १७७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकगीतसंग्रहात त्याने काही लाटव्हियन गीते घातली. प्रत्यक्ष संग्रहाचे महत्कार्य मात्र एका लाटव्हियनाच्या हातून व्हावयाचे होते.

क्रिश्यानिस बारॉन्स (१८३५-१९२३) हा गणित व खगोल या विषयांचा विद्यार्थी. उपजीविकेसाठी मॉस्कोत खाजगी शिक्षक झालेला. तेथे ब्रीवझेम्निएक्स या दुसऱ्या लाटव्हियन अभ्यासकाने गीते जमविण्यास आरंभ केला होता. ते काम १८७८ मध्ये बारॉन्सने आपल्याकडे घेतले. गावोगावचे शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी त्याला गीते लिहून पाठवीत. तो प्रत्येक गीत एका अरुंद चिठीवर उतरवी. चिठ्या वाढल्या तेव्हा १८८० मध्ये त्याने एका सुताराकडून अनेक खणांचे कपाट करून घेतले. आज या 'दाइनांच्या कपाटा'त सुमारे २ लाख ६८ हजार चिठ्या आहेत. १८९४ ते १९१५ या काळात 'लाटव्यु दाइनास' या नावाने संग्रह सहा भागांत छापून झाला; त्यात पाठभेदांसह सुमारे २ लाख १८ हजार गीते आली. हे कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत दाखल झाले.

बारॉन्सची पद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने गीते कालक्रमाने वा देवदेवतांप्रमाणे न लावता मनुष्याच्या आयुष्याप्रमाणे लावली. जन्म, बालपण, तारुण्य, विवाह, कष्ट, वार्धक्य, मृत्यू, असा तो क्रम आहे. प्रत्येक मुख्य पाठाखाली इतर पाठभेद आणि ते कोठून आले त्या स्थळाची खूण. कोणत्याही पाठाला त्याने अशुद्ध ठरवून टाकून दिले नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हाच त्याच्या कामातील सर्वांत टिकाऊ भाग होय, कारण बोलीचे रूप पाठभेदांतच शिल्लक राहते.

आता जात्याकडे परत यावे. लाटव्हियन भाषेत चक्कीला 'द्झिर्नावास' म्हणतात. लिथुआनियनमध्ये 'गिर्नोस', गॉथिकमध्ये 'क्वैर्नुस', आणि वैदिक संस्कृतात 'ग्रावन्', हे सारे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. वेदात 'ग्रावन्' म्हणजे सोम कुटण्याचा दगड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या दगडांना उद्देशून स्वतंत्र सूक्ते आहेत, आणि त्यांपैकी चौऱ्याण्णवाव्या सूक्तात ते दगड बोलतात, निनाद करतात असे वर्णन आहे. फिरणाऱ्या वा आदळणाऱ्या दगडाचा आवाज हा शब्दच आहे अशी कल्पना वेदकालीन ऋषीला सुचली, आणि मावळातल्या बाईलाही ती कोणी न शिकविता सुचली. मराठीत मात्र 'ग्रावन्'चा वंश जात्याच्या अर्थाने उरला नाही. 'यंत्र' शब्दाने व 'घरट्ट' शब्दाने ती जागा घेतली. मोठ्या जात्याला 'घरट' म्हणतात ते या दुसऱ्या शब्दावरून.

नात्याच्या शब्दांत हे साम्य अधिकच जवळचे वाटते. नवऱ्याच्या भावाला लाटव्हियनमध्ये 'दिएवेरिस' म्हणतात. संस्कृत 'देवर', मराठी 'दीर'. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला त्या भाषेत जुना शब्द आहे 'इएतेरे'. संस्कृत 'यातृ', मराठी 'जाऊ'. आरंभीच्या 'य'चा 'ज' झाल्याचे हे आणखी एक उदाहरण, आणि ज्या नियमाने यंत्राचे जाते झाले त्याच नियमाने यातृची जाऊ झाली. म्हणजे जात्यापाशी समोरासमोर बसलेल्या दोघींचे नाते रीगाच्या खेड्यात व खेडच्या खेड्यात मुळात एकाच शब्दाने सांगितले जात असे. याखेरीज धुरास 'दूमि' (धूम), दिवसास 'दिएना' (दिन), जिवंतास 'द्झीव्स' (जीव), देवास 'दिएव्स' (देव) अशी यादी लांबविता येईल. पश्चिमेस त्या भाषेत 'रिएतुमि' म्हणतात, आणि तो शब्द सूर्य मावळण्याच्या क्रियापदावरूनच आला आहे. मावळ या नावामागील दृष्टी तीच.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. अशी उदाहरणे ऐकून लाटव्हियन वा लिथुआनियन भाषा संस्कृतातून निघाल्या असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, व तशी विधाने सभासंमेलनांतून निर्धास्तपणे केली जातात. ती चुकीची आहेत. या भाषा बहिणी होत, आई-मुली नव्हेत. लाटव्हियनने जुने जतन केले ते काही ठिकाणी. काही ठिकाणी संस्कृतापेक्षा तीच अधिक बदलली आहे. तसेच मेघगर्जनेचा देव 'पेर्कोन्स' याला वेदातील पर्जन्याशी जोडण्याचा प्रयत्न जुना आहे, परंतु ध्वनिदृष्ट्या ती जोडणी सरळ बसत नाही. सूर्यकन्येची गोष्ट वेगळी. दाइनांत 'देवाचे पुत्र' घोड्यांवर बसून सूर्याच्या मुलीला मागणी घालावयास येतात; ऋग्वेदात सूर्येच्या विवाहाशी अश्विनांचा संबंध आहे. या साम्याला तुलनात्मक पुराणकथाशास्त्रात बहुतेक अभ्यासक मान देतात.

पुराणकथांपेक्षाही दळणाची गाणी महत्त्वाची. लाटव्हियन स्त्रियादेखील अंधारात उठून हातजात्यावर राय व जव दळीत, आणि दाइनांमध्ये दळणाऱ्या मुलींच्या गाण्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. या गाण्यांतली नायिका पुष्कळदा पोरकी मुलगी असते. जाते जड आहे, रात्र लांब आहे, आई नाही. भावाला लाडक्या लघुरूपाने हाक मारावयाची, आणि लग्नानंतर त्याच्या घोड्याची वाट पाहावयाची, हे तेथेही आहे. लघुरूपांची ही आवड दाइनेत इतकी आहे की देव, सूर्य, आई, भाऊ कोणीच त्यातून सुटत नाही. मराठी ओवी हेच काम 'बाई', 'ग', 'राया', 'माउली' अशा संबोधनांनी करते. साधने दोन, हेतू एक. हे साम्य वंशाचे नव्हे, कामाचे आहे. ज्या समाजात बाईला पहाटे दोन दगडांमध्ये धान्य भरडावे लागते तेथे तिला सांगावयाचे असते ते बरेचसे सारखेच असते.

पुढे या गाण्यांचे तेथे जे झाले ते मात्र येथे झाले नाही. १८७३ मध्ये रीगा येथे पहिला सार्वत्रिक गायनोत्सव भरला. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी लाटव्हिया स्वतंत्र झाला. १९२० च्या भूसुधारणेने जर्मन सरदारांच्या जमिनी शेतकऱ्यांत वाटल्या गेल्या. १९२४ मध्ये लोकवाङ्मयाचे अभिलेखागार निघाले. एका नव्या राज्याने जमीन व गाणी या दोन्ही गोष्टी चार-पाच वर्षांत आपल्या ताब्यात घ्याव्यात, हे अर्थपूर्ण आहे. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला, आणि मार्च १९४९ मध्ये सुमारे ४२ हजार माणसे सैबेरियाकडे पाठविण्यात आली. गायनोत्सव त्याही काळात भरत राहिले, नव्या राजवटीची स्तुतिगीते घालून. १९८७ नंतर जी चळवळ उभी राहिली तिला लोक गाणाऱ्यांची क्रांती म्हणतात. २३ ऑगस्ट १९८९ रोजी तिन्ही बाल्टिक देशांतील सुमारे २० लाख लोकांनी हातात हात धरून शेकडो किलोमीटरांची साखळी केली. १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत आले.

महाराष्ट्रात ओवीला असे राजकीय भाग्य लाभले नाही, आणि कदाचित तिला त्याची गरजही नव्हती. मराठी राष्ट्रीयत्वाला आधार द्यावयास अभंग होता, पोवाडा होता, बखर होती. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर व दुर्गाबाई भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रतिष्ठा दिली. परंतु बारॉन्सच्या कपाटाशी तुलना करावी असे काम झाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याचा उगम या औद्योगिक पट्ट्याच्या अगदी शेजारी, मुळशी व मावळच्या डोंगरी वस्त्यांत झाला.

गी प्वातवॅं (१९३४-२००४) हे फ्रेंच अभ्यासक १९७२ मध्ये भारतात आले व १९७९ मध्ये भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासमवेत त्यांनी डोंगरी गावांतील गरिबांच्या संघटनेचे काम केले. त्या कामातील स्त्रियांनीच जात्यावरच्या ओव्या गोळा करावयास घेतल्या. पुढे हे क्षेत्र जिल्ह्याबाहेर मराठवाड्यापर्यंत गेले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा संचय आहे. संगणक व संगीत या दोन्ही विषयांचे जाणकार बर्नार बेल यांनी १९९० नंतरच्या दशकात त्यास संगणकीय रूप दिले व काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संगणकीय अभिलेखागारात या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या.

दोन संग्रहांत एक भेद विशेष आहे. बारॉन्सच्या चिठीवर मुख्यतः गीत येते, गाव येते. गाणारी बहुधा अज्ञात राहते. मावळच्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदविले आहे. लोकगीत म्हणजे निनावी गीत, ही व्याख्या ज्या काळात रूढ झाली त्या काळाने या नावांची चौकशीच केली नव्हती. दुसरे असे की लाटव्हियन संग्राहकांना जे पाहिजे होते ते प्राचीन. नवे त्यांना फारसे नको होते. मावळच्या संग्रहात सीतेच्या वनवासाशेजारी डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आणि १९५६ मध्ये धर्मांतर झाले. दलित स्त्रियांनी हे सारे त्याच छंदात, त्याच सुरात, त्याच जात्यापाशी बांधले. ज्या घटनेची वर्तमानपत्रांनी दखल घेतली तिची दखल जात्यानेही घेतली. भेद इतकाच की येथे सांगणारी वेगळी आहे. मोटार, आगगाडी, मुंबई हीदेखील ओवीत येऊन बसली. मुंबईतील कापडाची गिरणी आणि गावातील पिठाची गिरणी या दोहोंना मराठीत शब्द एकच आहे. नवरा पहिल्या गिरणीत गेला, बायकोचे दळण दुसऱ्या गिरणीत गेले.

या दुसऱ्या गिरणीने ओवी थांबविली, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिच्याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी दोन माणसांचे पीठ हाताने एकदा दळून पाहावे. स्त्रियांनी जाते सोडले ते आनंदाने सोडले, आणि त्यांना त्याचा पुरा अधिकार होता. संग्राहक पोहोचले तेव्हा बहुतेक ठिकाणी जाते रोजच्या वापरात राहिलेले नव्हते. बायकांनी ते मुद्दाम मांडून, हात फिरू लागल्यावर ओळी आठवून आठवून सांगितल्या. अनेकींना जाते फिरल्याखेरीज ओवी सुचत नसे. स्मरण हाताच्या हालचालीत साठविलेले होते.

या पट्ट्यात हा बदल विलक्षण वेगाने घडला. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले व वाहनांचे मोठे कारखाने आकुर्डी-पिंपरीत आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणचा माळ १९९० नंतर पालटला. तेथे २००९ मध्ये जर्मन कंपनीचा मोटारीचा कारखानाही सुरू झाला. शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला, कोणाला पुष्कळ, कोणाला थोडा. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. त्यामुळे जमीन गेल्याची नोंद दप्तरात आहे, परंतु त्या जमिनीवर खुरपणाऱ्या बाईची नोंद तेथे नाही. लाटव्हियन भूदासाचे पाखराचे स्वातंत्र्य आणि हे स्थित्यंतर एकच नव्हेत. तरीही तेथे जमीन नसलेल्यांपाशी गाणी होती व त्यांनी ती लिहून ठेविली. येथे जमीन असलेल्यांनी ती बहुतांशी विसरू दिली.

अभ्यासकाच्या दृष्टीने अजून काय शिल्लक आहे? पहिली गोष्ट बोली. खेड व मावळ तालुक्यांच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात 'म्या' हे रूप, 'विठ्ठल'ऐवजी 'इठ्ठल', 'पाणी'ऐवजी 'पानी' अशी लक्षणे मिळतात. ओवी छापताना ती प्रमाण मराठीत सुधारून घेण्याचा मोह संपादकास होतो. तसे केल्यास अर्थ राहतो, परंतु छंद लंगडतो आणि बोलीचा पुरावा नष्ट होतो. ध्वनिमुद्रणाशी ताडून पाठ सिद्ध करणे हे काम अद्याप बव्हंशी व्हावयाचे आहे, व ते संगणकाच्या नव्हे, कानाच्या भरवशावर व्हावयाचे आहे. दुसरी गोष्ट अशी की या औद्योगिक वस्तीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. चिखली, मोशी, भोसरीच्या चाळींतून व खोल्यांतून परभणीची, बीडची, जळगावची ओवी जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया एकाच गल्लीत भेटू शकतात. एका ओवीचे चार प्रदेशांतील पाठभेद मिळविण्यासाठी बारॉन्सला देशभरच्या पत्रांची वाट पाहावी लागली. येथे ते काम एका दुपारी, एका अंगणात होण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी काळ फार उरलेला नाही.

जाते पूर्णपणे गेलेले नाही. लग्नाच्या आधी घाणा भरण्याचा विधी या भागात अजून होतो. जात्याची पूजा होते, खुंट्याला हळकुंड व सुपारी कापडात बांधतात, सुवासिनी मिळून ते फिरवितात आणि हळद दळतात. बाजारात या कामापुरती लहान जातीही मिळतात. खुंट्याला पाच-सहा हात एकदम लागतात, थोरल्या बाईने ओवी उचलावयाची असते, आणि बाकीच्यांना तिची दुसरी ओळ आठवेल तितकी त्या म्हणतात.